शब्दाला शब्द

शारजा. कोर्टाचा दुसरा मजला. एसीचा गारठा.
हेमांगी पेडणेकर ओढणीत हात गुंडाळून उभी,
मी तिच्या डावीकडे. माझं काम एवढंच:
ती बोलेल ते अरबीत ठेवायचं,
पदरचं काही घालायचं नाही.

ती म्हणाली, "हात उचलला त्यानं."
मी म्हणाले, रफअ यदहू.
शब्दाला शब्द. अगदी चोख.

त्याचा वकील उठला. भला माणूस,
चष्मा पुसत बोलणारा.
"उचलला, मान्य.
खाली आणला, असं कुठे म्हणतेय ती?"
कारकुनाची बोटं थांबली.
हेमांगी माझ्याकडे बघत राहिली,
तिच्या मते सांगून झालं होतं.

म्हसळ्याला आमच्या मोहल्ल्यात
हात उचलला म्हटलं की बाया
हळद गरम करायला उठायच्या.
मग पुढे काय झालं, कुणी विचारत नसे.

व्हिसा त्याच्या नावावर. पासपोर्ट त्याच्या कपाटात.
तिच्याजवळ हॉस्पिटलचा एक कागद
आणि हे वाक्य,
तेही मी वाटेत अर्धं सांडलेलं.

"चूक माझी आहे," मी म्हणाले, "तिची नव्हे.
आमच्या भाषेत उचललेला हात
खाली आलेलाच असतो."

न्यायाधीशांनी पेन ठेवलं.
"किती वेळा?"
हे मी मराठीत आणलं, हळू, नीट.

तिनं ओढणी सोडली
आणि बोटं मिटत मोजायला लागली.
करंगळी मिटत नव्हती.