छत्तीसचा आकडा

कॅम्पात, शिंप्याच्या दुकानाला लागून
हसाजी वाक्रूळकरांची पाटी: पाट्या रंगवून मिळतील.
त्यातला 'मि' केव्हाच उडालेला.
दुसऱ्यांच्या पाट्यांतून सवड कुठं, म्हणायचे.
मी निंग्या. टर्पेंटाईन ओतणारा, ब्रश धुणारा.

शनिवारी दुकान बंद.
आजा कोकणातला, घाण्याचा तेली,
पलटणीमागून घाट चढला
आणि वर येताना शनिवार तेवढा सोबत आणला.

बाकीचं सगळं एका पाहुण्याचं.
लढाईच्या साली, वळिवड्याच्या छावणीतला
कुणी पोलिश म्हातारा मिरजेला चुकीच्या गाडीत बसला
आणि इथं उतरला,
मे महिन्यात, लोकरीच्या कोटात.
तीन रात्री राहिला हसाजींच्या पडवीत.
ह्यांना त्याची भाषा येईना, त्याला ह्यांची मराठी.
अक्षरं मात्र दोघांना येत होती,
बावीस, उजवीकडून डावीकडं.
सारवलेल्या जमिनीवर बोटानं काढत त्यानं सांगितलं,
त्याच्या गावचा रब्बी रस्त्याची घडी घालून
खिशात ठेवायचा,
बर्फावर चालला तर पाऊल उमटायचं नाही,
आणि हे जग छत्तीस माणसांवर तोललेलं आहे.
कोण ते कुणाला ठाऊक नसतं.
त्यांनाही नसतं.

किती कळलं, किती जुळवलं, हसाजींनाच माहीत.

मग ते बंदचं वर्ष.
एका रात्री मराठी पाट्यांना डांबर,
दुसऱ्या रात्री कन्नड पाट्यांना.
आमचा धंदा तेजीत.
खरवडून निघालेले रंगाचे कपचे
हसाजी बिस्किटाच्या डब्यात भरायचे,
क, ಕ, अर्धा य, कुणाची तरी वेलांटी,
आणि डबा भरला की दफनभूमीच्या कोपऱ्यात पुरायचे.
अक्षर पायाखाली येऊ द्यायचं न्हाई, निंग्या.
कुठल्या भाषेचं ते? विचारलं मी.
मेलेल्याला भाषा विचारतोस व्हय?

त्याच साली दारांवर नंबर घालायचं काम आलं.
गंगव्वाच्या दारावर येत होता छत्तीस.
दह्याची मडकी उतरवून ती आडवी उभी राहिली,
छत्तीस नको, घरात पाठी फिरतात एकमेकांकडं.
पस्तीस अ लिवा.

हसाजी पायरीवर टेकले. ब्रश कानामागं.
अक्का, रात्री राखणीला दोघं बसले
तर कसे बसतात?
ती गप्प.
पाठीला पाठ लावून. न्हवं?
एक हिकडचं बघतो, एक तिकडचं.
भांडलेत म्हणून न्हवं.

मग त्यांनी तीन काढला, सावकाश,
सहा काढला,
दोघांच्या मधली फट बोटानं पुसली
आणि पैसे घेतले नाहीत.

चार दिवसांनी गल्लीत दगड आले.
गंगव्वानं दार लावलं नाही.
उंबऱ्यावर पाण्याची घागर नि एकच तांब्या.
ह्या बाजूची पोरं प्याली, त्या बाजूची प्याली,
एक पोलीस टोपी काढून प्याला.
तांब्या एक, म्हणून रांग लागली.
रांगेत दगड हातात धरून
किती वेळ उभं राहणार माणूस?
चमत्कार म्हणाल तर एवढाच.
पेपरात आला नाही.

घरी येताना मी म्हणालो, गंगव्वा त्यातली, न्हवं?
ते ऐकू न आल्यासारखे चालत राहिले.
मला राहवेना. आणि तुम्ही?

पहिल्यांदाच चिडलेले बघितले त्यांना.
असं विचारायचं न्हाई!
विचारलं की एक कमी होतो.

श्रावण संपता संपता गेले.
डॉक्टर म्हणाला, फुप्फुसं, रंगाचा वास.
मी कुणाला काही बोललो नाही.

आता माझं फ्लेक्सचं दुकान आहे,
बटण दाबलं की तिन्ही लिप्या बाहेर पडतात.
घरांचे नंबर मात्र अजून हातानं घालतो.
छत्तीस आला की
तीन काढतो, थांबतो,
सहाची पाठ नीट टेकेपर्यंत
श्वास घेत नाही.