साडेतीनवर नाही

सोसायटीचं पत्र एप्रिलात येतं.
ते मी जिन्यातच फोडायचे,
कुणी ना कुणी जात-येत असताना:
परतावा, तीनशे बारा झ्लॉटी.
नऊ वर्षं ओळीनं परतावा.
वांदा म्हणायची, तुझ्याकडे शिकवणीच लावायला हवी.

लावली असती तर सांगितलं असतं,
दुहेरी खिडकीच्या फटीत कापूस भर,
रेडिएटरमागे चंदेरी कागद लाव,
चकाकी खोलीकडे. भिंतीला ऊब देऊन काय उपयोग?
काशाला एक उकळी आली की गॅस बंद.
पातेलं वर्तमानपत्रात गुंडाळून दुलईखाली सारायचं.
तासाभरात दाणा मऊ होतो
आणि रात्री पावलांना गादीत
शिजल्या धान्याचा वास येतो.

चकती कायम हिमफुलाच्या खुणेवर.
रेडिएटरच्या छातीवर कंपनीनं बसवलेलं
ते आकडे मोजणारं चिमुकलं यंत्र, मेलं चुगलखोर,
त्याला सांगायला मी काही ठेवतच नसे.

खालच्या मजल्यावर झेनोन.
तीस वर्षं ब्यावीस्तोकची बस चालवून
गुडघ्यांची माती झालेली.
जानेवारीतही बनियनवर,
चकती पाचवर, त्याच्या पुढे आकडाच नाही,
आणि वर खिडकी उघडून सिगारेट.
मी म्हणायचे, झेनोन, रस्ता तापवताय की काय?
तो म्हणायचा, रस्त्यालाही थोडं लागतंच.
दर एप्रिलात आठशे-नऊशे वरून भरायचा.
मला कीव यायची. आलुबुखारचा मुरंबा
एक बरणी देऊन यायचे,
आणि बरणी परत मागायचे.

यंदा तो गेला. तीन राजांच्या सणानंतर,
दारावरची खडूची अक्षरं पुसलीही नव्हती.
मुलगी आली, लूब्लिनहून. गॅस बंद केला, पाणी सोडून दिलं,
सगळ्या चकत्या हिमफुलावर फिरवल्या,
किल्ली माझ्याकडे ठेवली.
हुशार मुलगी, मी म्हटलं.

चौथ्या दिवशी फिलूशनं जागा सोडली.
स्वयंपाकघरात, टेबल आणि भिंतीच्या मध्ये,
हातभर फरशी. अकरा वर्षं मांजर तिथंच निजत आलं.
मी समजत होते, खोड.
मोजा काढून तिथं पाऊल टेकवलं.
फरशी. नुसती फरशी.

मग कळत गेलं, एकेक खोली करत.
कापूस तोच, चंदेरी कागद तोच,
दुलईखाली पातेलं तेच,
आणि नाकाचा शेंडा पहाटे माझा वाटेना.
काटकसर, काटकसर म्हणून जी मिरवली
ती आयत्या बिळावरच्या नागोबाची होती.
नऊ वर्षं माझ्या पायांखाली
एक माणूस बनियनवर बसून
माझं बिल भरत होता.
त्याला माहीत होतं का?
जिन्यात हसायचा तो, ते कशाला?

हिशेब केला. कॅलेंडरच्या मागे, पेन्सिलीनं.
तीनशे बारा, दोनशे नव्वद, एका वर्षी चारशे चार.
बेरीज लिहिली नाही.
त्याच्या मुलीला फोन लावला,
तिनं विचारलं, किल्लीचं काही का?
हो म्हटलं, किल्लीचंच.

रात्री चकती फिरवली. गंजलेली, पकडीनं फिरवावी लागली.
पाइपात आधी खडखड,
मग कुणी घसा खाकरावा तसं पाणी आलं.
चुगलखोराचा आकडा हलला.

वरच्या मजल्यावर नवं जोडपं आहे.
वाचवतात बिचारे, जिन्यातला दिवासुद्धा
दोन पायऱ्या आधी घालवतात.
त्यांचं पोर नुकतं चालायला लागलंय.
काल दुपारी माझ्या डोक्यावर
थप, थप, थप. बुटांचा आवाज नव्हता.

मी वर पाहिलं.
उठले, चकती तीनवर नेली.
तीनवर. साडेतीनवर नाही,
मला काही नऊ वर्षं मिळायची नाहीत,
आणि एप्रिल यायचाय.