सहा आकडे

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी
शरयू कोळंबकर ऑनलाइन आली.

मी शेवग्याच्या शेंगा मोडत होते,
हात ओलेच.
फोटो तोच : सीवूड्सचा तलाव, मागे गुलाबी पक्ष्यांची रांग
आणि पुढे ती, डोळे मिटलेली,
कारण नेमकी तेव्हाच शिंकली होती.

शरयूला जाऊन तीन महिने झाले.
सारसोळ्याच्या स्मशानात मी स्वतः उभी होते.

'नमस्कार ताई,
चुकून तुमच्या नंबरवर एक कोड आला आहे.
जरा पाठवता का? अर्जंट आहे.'

ताई!
तेवीस वर्षं तिनं मला 'ए पोस्टमास्तरीण' म्हणून हाक मारली.
आणि लिहून तर कधीच नाही;
मोतीबिंदू झाल्यापासून ती बोलूनच पाठवायची,
मागे कुकरची शिट्टी, मधेच भाजीवाल्याशी घासाघीस,
चार मिनिटांच्या निरोपात कामाचं इतकंच :
'येताना कढीपत्ता आण.'

कोड आला. सहा आकडे,
खाली बजावलेलं : कुणालाही सांगू नका.
बँकेतल्या पोरीनं हे मला दोनदा समजावलंय,
आमच्या लिफ्टमध्येही कागद चिकटवलाय,
वाचून वाचून त्याचे कोपरे पाठ झालेत.
तरी खरं सांगते,
अंगठा तिथेच रेंगाळला.
चोराला मी केव्हाच ओळखलं होतं.
पण तिच्या नावाखाली 'टाइप करत आहे' असं दिसत होतं,
आणि ते पुसलं जाऊ नये
एवढंच मला हवं होतं.

मी लिहिलं, 'कढीपत्ता आणू का?'
तिकडून : 'हो ताई, आधी कोड पाठवा.'

मग आदेशला फोन केला.
मेसेज नाही, फोन.
शरयूचा धाकटा. घणसोलीला असतो,
आईचा मोबाइल अजून रोज चार्ज करून ठेवतो.
बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला,
'मावशी, काल मीच दिले तिचे सहा आकडे.
म्हणाले, बँकेतून बोलतोय,
आईचं खातं बंद करायचं असेल तर...'
ऑफिसच्या जिन्यात असावा, हुंदका घुमला.
मी म्हटलं, अरे, लाज चोरानं वाहायची.
तू आधी एक नऊ तीन शून्य लाव.

तोवर हास्यमंडळाच्या साळगावकरांनी
आठ हजार पाठवून झाले होते. दवाखान्यासाठी म्हणे.
मुलाकडे डोंबिवलीला गेल्यापासून ते यायचे बंद झाले,
ती गेल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.
कळवायचं माझ्याकडे होतं.
मी आधी पैशांचं सांगितलं,
मग दुसरं.
'पैशांचं असू दे,' म्हणाले.
फोन ठेवला नाही. बोललेही नाहीत.

एकतीस वर्षं मी वाशीच्या टपाल कचेरीत काढली.
मयताच्या नावे पत्र आलं की लाल शाईनं
'मालक मयत, परत' लिहायचं, सही, तारीख, शिक्का.
पाठवणारीच मयत असली तर काय करायचं,
हे कुठल्याच परिपत्रकात नव्हतं.

तिचे बोललेले निरोप आधी उतरवून घेतले,
त्र्याण्णव भरले.
मग तक्रार. मग ब्लॉक.
विचारलं, खात्री आहे का?
'हो' म्हणायला चष्मा दोनदा पुसावा लागला.

शेंगा तशाच राहिल्या, आमटी झाली नाही.
रात्री भाचीनं फोनवरून एकेक पायरी सांगितली
आणि मी माझ्या खात्याला दुसरं कुलूप घातलं.
त्यालाही सहा आकडे लागतात.
भाची म्हणाली, 'मला नको सांगूस हं, मावशी.'
नाही सांगितले.
तुम्हालाही सांगणार नाही.

शरयूला सांगितले असते.