पोर्फियादाच्या दोन प्रती

कास्त्रोच्या उतारावर, लोकरीच्या दुकानाला लागून
माझं दुरुस्तीचं टेबल.
एदुविना बार्रिया आली ती लॅपटॉप शालीत गुंडाळून,
आजारी कोंबडी आणावी तशी.
म्हणाली, "मंगळवारी रात्री यानं स्वतःच स्वतःला अपडेट केलं.
तेव्हापासून ढगात काही चढत नाही
आणि ढगातून काही उतरत नाही."
बाहेर चिलोएचं आभाळ नेहमीसारखं उतरतच होतं.
मी काही बोललो नाही.

आधी सोपे उपाय.
बंद, चालू. साइन आउट, साइन इन.
पासवर्ड तिच्या वहीत निघाला,
बियाण्याच्या बटाट्यांच्या हिशेबाखाली.
निळे बाण गोल फिरले, फिरत राहिले,
"बदल तपासत आहे",
आणि मग ये रे माझ्या मागल्या:
"सिंक थांबले आहे."

दुपारी सापडलं.
अपडेटनं तिचं फोल्डर उचलून भलतीकडे ठेवलं होतं
आणि ढग रोज जुन्याच पत्त्यावर दार वाजवत होता.
"म्हणजे मिंगा," ती म्हणाली.
आमच्या बेटावर घर अख्खं हलवतात,
ओंडक्यांवर चढवून, बैल जुंपून, सगळं गाव दोराला.
घर फिरलं की वासेही फिरतात,
पण त्यात कुणाला दगा दिसत नाही.
"मिंगा झाली की जेवण घालायचं असतं," ती म्हणाली,
"आणि पोस्टमनला कळवायचं असतं."

मी कळवलं.
नवी जागा दाखवली, परवानगीची खूण केली,
नावात नको ती चिन्हं घातलेल्या सात फायलींची
नावं बदलली.
मग एकेक हिरवी खूण उगवायला लागली:
चर्चच्या छपराची वर्गणी,
वीजबिलं,
नातीचा दात पडला त्या दिवसाचे एकोणीस फोटो, सगळे हललेले.

एकच अडून बसली. पोर्फियादा.
नावाचा अर्थच हट्टी.
एदुविनाच्या घराच्या खांबाला बांधलेली होडी,
अर्धी तिची, अर्धी भावाची.
सेफेरिनो दूर पुंता अरेनासला,
जिथे हिवाळ्यात घड्याळ आमच्यापुढे एक तास चालतं.

होडीच्या हिशेबाच्या दोन प्रती झाल्या होत्या.
तिच्यात: तळाच्या फळ्या, चार. काथ्या, डांबर.
पिवळा रंग, दोन डबे.
त्याच्यात, नेमक्या त्याच ओळीवर,
एका गिऱ्हाइकाचं नाव, एक आकडा
आणि "विकली."
पूर्णविरामासकट.

यंत्र विचारत होतं, कोणती ठेवू?
शेवटची ठरत होती तिची. वीस मिनिटांनी.
तेवढ्यात माझी नजर कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेली.
अपडेटनं तिला भावाकडची वेळ लावून दिली होती.
तो तास वजा केला
की शेवटचा शब्द त्याचा.

घड्याळ नीट करणं माझं काम.
माउसवर हात ठेवून मी उगाच
स्क्रीनवरची धूळ पाहत बसलो.

"लाव, लाव," ती म्हणाली. "मला ठाऊक आहे.
आठवडाभर हे सांगतंय, भरती उशिरा येते म्हणून.
साठ वर्षं घराखाली पाणी ऐकतेय मी.
भरती उशीर करत नसते."

मी लावलं.
तिनं दोन्ही प्रती शेजारीशेजारी उघडायला सांगितल्या,
चष्मा शालीला पुसला,
आणि औषधाची चिठ्ठी वाचावी तशा बोट फिरवत वाचल्या.
"पिवळा त्यालाच हवा असायचा," म्हणाली.
"बाबा दर वर्षी हिरवा आणायचे."

तळाशी तिसरा पर्याय होता, फिकट अक्षरांत:
दोन्ही ठेवा.
मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली,
हो की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.
दोन्ही ठेवल्या.

पाच हजार पेसो आणि जांभळ्या बटाट्यांची पिशवी
टेबलावर टाकून ती निघाली,
लॅपटॉप काखेत, फोन कानाला.
उतारावरून आवाज येत राहिला बराच वेळ,
"सेफे? मी बोलतेय.
आधी सांग, तुझ्याकडे किती वाजले?"