बारा अडीच तीस

कोल्हापूरला समुद्र नाही.
मणेर चाचांच्या स्टुडिओत मात्र एक बंदर होतं,
कुठल्याशा रंगाच्या कंपनीच्या कॅलेंडरवर,
साल सरून अकरा वर्षं झाली तरी खिळ्याला तसंच.
तिन्हीसांजेचं पाणी, साय धरल्यासारखं.
त्यावर बोटींचे दिवे, वितळून लांबलेले.
पासपोर्टचे फोटो कापता कापता मी विचारलं होतं,
ह्यातल्या लाटा कुठं गेल्या?
चाचा म्हणाले, आल्या आणि गेल्या.
लई वेळ डोळा उघडा ठेवला, की
येणारंजाणारं दिसायचं बंद होतंय, लेका.

आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात.

मी ट्रायपॉड रोवलाय रंकाळ्यावर,
राजघाटाच्या अंगाला, दगड जरा कोरडा आहे तिथं.
समोर पायडलच्या दोन होड्या, एकाच दाव्याला.
एक निळी. दुसरी बदकाची, चोच उडालेली.
संध्यामठ गुडघ्याएवढ्या पाण्यात.
पलीकडं शालिनी पॅलेसचा मनोरा अंधार अंगावर ओढून घेतोय.
हेच आपलं बंदर.
ह्यातून कुणी कुठं जात नाही,
अर्धा तास फिरून पुन्हा इथंच उतरतं.

घड्याळ बघायचं नाही, पाढा म्हणायचा,
ही चाचांची शिकवण. अडीचकीचा.
शटर उघडलं.
एक अडीच अडीच,
दोन अडीच पाच,
काठानं म्हशी निघाल्या, गंगावेशीच्या धारेची वेळ झालेली,
तीन अडीच साडेसात,
भेळेच्या गाड्यावर कुणीतरी कांदा जास्त मागतंय,
चार अडीच दहा,
एक जोडपं भांडत गेलं, तिचा शब्द मागं राहिला,
पाच अडीच

बारा अडीच तीस.
शटर मिटलं.

पडद्यावर म्हशी नाहीत. जोडपं नाही.
बदक डुललं, म्हणून धूर झालंय.
दावं तेवढं रेघेसारखं स्पष्ट.
आणि उजव्या कोपऱ्यात, मी न मागितलेली,
तानाक्का, कणसाच्या शेगडीशी बसलेली.

"माझा काढला व्हय? बघू."
पदराला हात पुसून तिनं कॅमेरा जवळ ओढला.
शेगडी लालभडक. ठिणग्यांचे धागे वरपर्यंत.
कणसं, मीठलिंबाची वाटी, तिचं कपाळ.
"आणि हात?"
उजवा हात कोपरापर्यंत होता.
पुढं नुसता घाट, त्याच्या पायऱ्या.
"वारा घालत होता ना तुम्ही, हलला म्हणून," मी म्हणालो.
"न्हाई हलवला तर पेटंल कसं?"
ह्याला चाचांकडं काही उत्तर असेल. माझ्याकडं नव्हतं.

"परत काढा. ह्या टायमाला हलत न्हाई."
पुठ्ठा छातीशी धरून ती बसली,
शाळेतल्या ग्रुप फोटोत बसावी तशी.
मी पुन्हा एक अडीच अडीच.
सातव्या अडीचला कणीस करपल्याचा वास आला.
ती हलली नाही.
नवव्याला एका पोरानं विचारलं, मावशी, केवढ्याला?
ती हलली नाही.

फोटोत हात आला. पाची बोटं,
अंगठ्यावरचा चटका, पुठ्ठ्यावरचं बिस्किटाचं नाव.
शेगडी मात्र राखाडी. चेहरा अंधारात.
तिनं बराच वेळ पाहिलं.
"हात आला की इस्तू गेला," म्हणाली,
आणि हसली, की खोकली, कळलं नाही.

करपलेलं कणीस मी घेतलं. वीस रुपये. तिनं दहाच ठेवले.
सामान आवरत होतो. केबल गुंडाळली, पाय मिटले.
"मघाशी पाढा म्हणत होता न्हवं? अडीचकी?"
"हो."
"औटकी येती?"
नाही म्हणालो.
"मला येती. बा सावकाराच्या दुकानात दिवाणजी हुता."
आणि पुठ्ठा चालू झाला, फट् फट्,
एक औट साडेतीन, दोन औट सात,
राखेखालून लाल वर येऊ लागलं,
तीन औट साडेधा,
पोरगं नोट धरून उभंच,
चार औट चौदा.
कॅमेरा पिशवीत होता.
मी चेन उघडली नाही.