उघडा कंस

पहाटे पाचला, सौदे निघायच्या आधी,
शाहूपुरीतल्या अडतीवर माझी स्क्रिप्ट मेली.
राजारामपुरीत सातव्या गल्लीत मी अर्धी झोपेत,
फोनवर जिनगोंडा मुनीम:
"पोरी, तुजं मशीन आडवं झालं बग.
म्या काय केलं न्हाई. नुस्तं नाव शोधलं."

लॉगची शेवटची ओळ:
गट मिटलेला नाही, स्थान शून्य.
शोधायच्या चौकटीत त्यांनी टंकलं होतं
(तातोबा
एक कंस आणि एक नाव.

चूक माझी.
माणसानं जे लिहिलं ते तसंच उचलून
मी इंजिनाच्या पुढ्यात टाकलं होतं,
काटा न तपासता वजन घ्यावं तसं.
इंजिनाला कंस म्हणजे गट,
आणि उघडलेला गट मिटलाच पाहिजे.
न मिटला तर ते थांबतं,
आणि मी अपवाद झेलला नाही म्हणून
चार हजार रव्यांचा हिशेबही थांबतो.

स्कूटर काढली. ट्रकमधून गूळ उतरत होता,
हमालांच्या पाठी मुंग्यांनी आधीच ओळखलेल्या.
मुनीम कपाटाशी, कानाला पेन्सिल.

"कंस कशाला घातला, काका?"
"कंस मथुरेतला. ह्यो इळा हाय.
नावाआदी इळा लावला की येनं बाकी.
पैसं आलं की नावाम्होरं दुसरा इळा, उलटा.
मिटलं.
चाळीस वर्सं असंच लिवतो."

त्यांनी लाल वही उघडली.
खरंच, पानोपानी विळे,
काही जोडीनं, काही एकटे.
आणि मी या वह्या संगणकात चढवल्या तेव्हा
ते विळे जसेच्या तसे आत गेले होते,
मला वाटलं होतं शाई उडालीय.

तिथंच गोणीवर बसून लिहिलं:
नोंदींना हात लावायच्या आधी
पॅटर्न एकटाच घडवून बघायचा, ट्रायच्या आत.
फुटायचा तर तिथंच फुटू दे.
एक्सेप्टमध्ये कुठल्या अक्षरापाशी अडलं ते सांगायचं,
आणि मग शब्द शब्दासारखाच शोधायचा,
प्रत्येक खुणेला एक तिरकी रेघ टेकवून.

(ओरडणाऱ्या चुका बऱ्या.
मागच्या महिन्यात सुशीला चौगुलेंनी
'ता.' असं शोधलं, तालुक्यातला ता.
त्या टिंबात कुठलंही अक्षर मावतं.
तानाजी आले, ताराबाई आल्या, ताजुद्दीन आला,
कुणी ओरडलं नाही,
आणि एकाची पट्टी दुसऱ्याच्या हातात गेली.
त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.)

आता पुन्हा (तातोबा.
पडदा क्षणभर थांबला. मग एकच ओळ:
(तातोबा सुबराव गवंडी, हमाल, रु. ४०, सन १९८६.
एकटा विळा.

"चाळीस रुपये? अजून?"
"बेळगावला कुस्ती धरायला निगालेला. गाडीभाडं दिलं.
सोमवारी येतो म्हनला."
"मग मिटवायचं नाही का, काका? बुडीत धरून?"
मुनिमांनी पेन्सिल कानावरून काढली,
टोक बघितलं, परत ठेवली.
"म्हाईत हाय मला बुडीत काय ते.
सालातनं एकदा बगतो, हाय का जाग्यावर.
आज तुज्या मशीनमदी बगाय गेलो."

बाहेर पहिल्या सौद्याचा पुकार सुरू झाला.
मी संदेशातला 'अवैध' शब्द खोडला.
बराच वेळ दुसरा सुचेना.
शेवटी लिहिलं:

पहिल्याच अक्षरापाशी कंस उघडा आहे.
असू दे. तसाच शोधतो.