बिलाच्या पाठीवर

हेमांगीताई,
पुढच्या बाजूला साडेतीनशे रुपये आहेत.
मागची बाजू फुकट.
तुम्हीच म्हणालात,
"लिवन दी रे, माझ्या ध्यानात रवना नाय."
म्हणून लिहितोय.

मशीन मेलं नव्हतं.
पंख्यात पालीचं शेपूट अडकलं होतं
आणि अकरा वर्षांची खारी हवा:
आतल्या स्क्रूंवर हिरवट बुरा,
तुमच्या दारातल्या नांगरावर तांबडा आहे, तसाच.
देवगडात लोखंड टिकत नाही, माणूस बरा टिकतो.
महिन्यातून एकदा पुसा. बंद करून, कोरड्या फडक्यानं.
पदरानं नको, तो हात पुसून ओला असतो.

ती क्रोशाची झालर
सुंदर आहे, तुमच्या हातची आहे,
पण मशीन चालू असताना काढून ठेवा.
त्याला श्वास लागतो.
ते बोलत नाही, नुसतं तापत जातं.
आमच्या अब्बांचंही तसंच होतं.

समुद्रावर वीज दिसली
की आवाजाची वाट बघू नका.
प्लग काढा. बटण नव्हे, प्लग.
इंटरनेटची वायरही.
मिठबावच्या मास्तरांनी नुसतं बटण दाबलं होतं,
त्यांचं मशीन आता माझ्या दुकानात स्टूल आहे.
बसायला बरं आहे.

स्क्रीनला चिकटवलेला कागद मी काढला नाही,
पण वाचला.
माझ्याआधी गॅसवाल्यानं वाचला असेल,
भाच्यानं तर नक्कीच.
बोटीचं नाव पासवर्ड नको, ताई,
ते बोटीवरच रंगवलंय,
अख्ख्या बंदराला पाठ आहे.
एकमेकांशी काही नातं नसलेले चार शब्द घ्या,
लाटणं, मंगळवार, आत्याचा चष्मा, असं काहीतरी.
हे मी लिहिलेले घेऊ नका.

"आज रात्री नऊला वीज तोडू" असा मेसेज आला तर
त्यातल्या निळ्या अक्षरांना बोट लावू नका.
न सांगता वीज घालवायची आपल्याकडची पद्धत
तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.
सांगून तोडतो तो चोर.
आणि फोनवर कुणी आकडे विचारले,
कितीही गोड बोलला,
साहेब म्हणाला, मॅडम म्हणाला,
तर म्हणायचं, नझीरला विचारून सांगते.
मी नसलो तरी म्हणायचं.

आता फाइल.
मिळाली.
"नवीन", "नवीन नवीन", "खरा नवीन",
तिन्ही मिळाल्या, तिन्ही निराळ्या.
एक फेब्रुवारी गेला, तो काही परत आला नाही.
त्याच्या शोधात इतर महिने वाचावे लागले,
माफ करा.
बांगडा किती टोपल्या, सुरमई कुणी उचलली,
कुठल्या दिवशी वारा फिरला नि लिलावच झाला नाही.
आणि उधारीच्या रकान्यात
अब्बांचं नाव.
सायकलीच्या फेरीचे, बाकी आठशे चाळीस.
पुढे तुम्ही टाइप केलंय:
मागू नये.

मी थोडा वेळ पंखा लावून बसलो, मशीनचा नव्हे.

तर, एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली आहे.
ती मशीनशेजारी ठेवू नका, आग आणि पाणी शेजार बघत नाहीत.
तांदळाच्या डब्यात ठेवा, कोरडी राहील.
दुसरी कणकवलीला बहिणीकडे.
दर शनिवारी नवी प्रत, जुन्यावर.
भरतीच्या रात्री बोट
एका दोरावर कुणी सोडत नाही,
हे मी गाबिताच्या मुलीला काय सांगणार.

पाकिटात आठशे चाळीस आहेत.
त्यातून साडेतीनशे वजा केलेले नाहीत,
करूही नका.
दुकानाचं भाडं आहे,
आणि हे हिशेब दोन आहेत, एक नाही.
ती ओळ मात्र पुसू नका.
तिच्यासमोर आजची तारीख घाला,
फाइलला एकच नाव द्या, धड असं,
आणि सेव्ह करा.
लगेच.
चहा ठेवायच्या आधी.

नझीर,
बंदर रोड, बर्फाच्या कारखान्यासमोर